खडीसाखरेचा इलाज

धावड्यात कुणाचा बैल मारका निघाला की काकासाहेबांना बोलावणं यायचं. बैल वठणीवर यायचा, आणि तो कसा आला हे काकासाहेब पुढं वर्षभर सांगत बसायचे. ऐकणारे उठून गेले तरी सांगायचे. चार वर्षांच्या नातीपुढं मात्र ही विद्या चालेना. अर्पिता अंगणवाडीत पोरांना चावायची.

"हा आठवडा बघते," अंगणवाडीच्या सुमेधाताईनं निरोप दिला. "सुधारली तर ठीक, न्हाई तर घरी ठेवा, जरा मोठी झाली की आणा. बाकीच्यांच्या आया भांडायला येऊन राह्यल्या."

ऐकून सून शिवकन्या काळजीत पडली. जाफराबादला तिचं नर्सिंगचं शिक्षण नुकतंच सुरू झालं होतं. पोरगी घरी राहिली की तेही बंद. काकासाहेबांच्या हवाली करायची सोय नव्हती. एकदा केली होती, तर अर्पिता त्यांना आत ठेवून बाहेरून कडी लावून खेळायला गेली होती.

"मी जाऊन बसतो तिथं," काकासाहेब म्हणाले. "जनावर काय अन् लेकरू काय, बराबर वळणावर आणतो."

"मामा, तुम्ही नुसते बसा," शिवकन्या सासऱ्याला म्हणाली. "बाकी काही करू नका."

नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी अर्पितानं बबलूच्या दंडाला दात लावले. काकासाहेबांनी बैलावर ठोकतात तशी आरोळी ठोकली. पोरांना ती इतकी आवडली की "अजून, अजून" म्हणत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग त्यांनी खिशातून राजूरच्या गणपतीची खडीसाखर काढून नातीच्या हातावर ठेवली. "घे. आता चावू नको हं." अर्पिता गप्प झाली. काकासाहेबांनी सुमेधाताईकडं असं पाहिलं, जसं काही तिलाच शिकवायला आले होते.

दुसऱ्या दिवशी बबलू नेहलला चावला आणि सरळ काकासाहेबांपुढं हात पसरून उभा राहिला. त्याला न द्यावं तर भेदभाव झाला असता. मग नेहल अमनला चावली. अमनला चावायला कुणी सापडेना, म्हणून तो स्वतःच्याच मनगटाला चावून आला. काकासाहेबांनी वळ नीट तपासला आणि त्यालाही खडा दिला.

"काका," सुमेधाताई म्हणाली, "माझ्याकडं चावणारी एकच होती. तुम्ही वर्ग तयार केला."

"मी तर समजूत काढून राह्यलो."

"चावलं की गोड मिळतं, हे शिकवून राह्यले तुम्ही. उद्या खिसा रिकामा ठेवा. ती चावायला निघाली तरी तिच्याकडं बघायचं न्हाई. मी आहे तिथं."

तिसऱ्या दिवशी अमनच्या हातात लाकडी गाडी होती. अर्पितानं ती ओढली. त्यानं सोडली नाही. अर्पितानं तोंड उघडलं आणि आजोबांकडं पाहिलं. सुमेधाताई हात आडवा घालायच्या तयारीत शेजारीच बसली होती. काकासाहेबांनी भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यावर डोळे लावले. अननसावर ते बराच वेळ थांबले. मान आपोआप वळायला लागली तशी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मला दे ना," अर्पिताचा आवाज आला.

"न्हाई," अमन म्हणाला.

अर्पितानं भोकाड पसरलं. सुमेधाताईनं तिला जवळ घेतलं. "बोलून मागितलंस, शाब्बास. त्याचं झालं की तुझी पाळी."

आठवडा संपला तेव्हा सुमेधाताई काकासाहेबांना म्हणाली, "अर्पिताला पाठवत जा. तुम्ही मात्र येऊ नका. तुम्ही दिसले की तिचे दात शिवशिवतात."

घरी शिवकन्या दारातच उभी होती. "काय म्हणाल्या ताई?"

"पोरगी राहिली."

"अन् तुम्ही?"

"मला काढलं."

शिवकन्यानं तोंडाला पदर लावला, तरी हसू दिसायचं ते दिसलंच. मग ती आत गेली आणि सकाळच्या जाफराबादच्या गाडीसाठी गणवेशाला इस्त्री करायला बसली.