चार बोटांचा पंजा आणि पांढरी पट्टी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या समोर शहाळ्याएवढा एक काचेचा गोळा आहे. आतून पोकळ, भिंत तुमच्या नखापेक्षा थोडी जाड. त्याच्या एका टोकाशी निळी ज्योत फरफरते आहे आणि तिथली काच काकवीसारखी मऊ झाली आहे. गोळा सारखा फिरवत ठेवायचा आहे. थांबलात, तर मऊ काच एका अंगाला ओघळेल. घट्ट आवळलात, तर फुटेल. सैल सोडलात, तर निसटेल. आणि हात लावायची तर सोयच नाही, इतका तो तापला आहे. आता सांगा, कसा धराल?

उघडा डोळे. धरण्याचे ते काम माझे. मी एक जुना पंजा आहे. खराखुरा हाताचा नव्हे. लाकडी मुठीचा, लोखंडी कण्याचा आणि चार पोलादी बोटांचा. करी रोडला एका चाळीच्या मागच्या बाजूला काच फुंकून प्रयोगशाळेची भांडी बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे एक छोटे वर्कशॉप आहे. तिथे खिडकीजवळच्या खुंटीवर मी लटकत असतो.

माझा जन्म मात्र काचेच्या नव्हे, कापसाच्या घरातला. परळच्या एका गिरणीत शामराव नावाचे फिटर होते. त्यांचे मित्र रमाकांत काच फुंकायचे. मोठा चंबू धरता धरता रमाकांतांचे तळवे भाजत, म्हणून एके दिवशी शामरावांनी मोडीत निघालेली सूत कातायची चाती घेतली, तिचा कणा केला; एका फुटक्या बॉबिनची मूठ केली; आणि स्प्रिंगच्या पोलादाची चार बोटे वाकवून पुढे बसवली. मग संध्याकाळी येऊन मला रमाकांतांच्या मांडीवर टाकले.

"रमाकांता, ह्या घे. माका काचेतला काय एक कळणा नाय, पण वस्तू कशी धरूची ता माका शिकवू नको."

रमाकांतांनी मला उलटसुलट करून पाहिले. "बोटं छान आहेत रे, पण उघडी आहेत. गरम काचेला थंड लोखंड लागलं की तडा गेलाच म्हणून समज."

"मगे तेंका कपडे घाल की!"

तसे कपडे त्यांनी मला घातले. काचेच्या तंतूंची विणलेली एक पांढरी पट्टी येते; ती आगीला दाद देत नाही. ती माझ्या चारही बोटांना गुंडाळली. पहिल्याच आचेत ती तपकिरी झाली आणि महिन्याभरात काळीकुट्ट. ती विरली की नवी चढवायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अशा किती पट्ट्या झाल्या ते मी मोजले नाही. पण दिसायला मी कायम काळाच. पाहुणे आले की चकचकीत चिमट्याचे कौतुक करत आणि माझ्याकडे बघून नाक मुरडत.

मला त्याचे वाईट वाटत नसे, कारण मी रमाकांतांचे काम सगळ्यांत जवळून पाहत होतो. ते फुंकत ती फुंकर देवळातल्या समईची वातही हलणार नाही इतकी हळू असे. तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर जांभळट काचांचा चष्मा, आणि माझी मूठ बोटांत अशी गोल गोल फिरे की मलाच वाटे, मी फिरत नाही, जग फिरते आहे. त्यांनी केलेली भांडी कितीतरी कॉलेजांत गेली. पुढे गिरण्या थंडावल्या, शामराव गावी गेले, समोर उंच इमारती उभ्या राहिल्या. रमाकांतांचे हात कापू लागले, तेव्हा त्यांची मुलगी मेघना बाकावर बसली. "बाईमाणूस आगीपुढे?" असे म्हणणारे होते. एकदा तिचे काम पाहून गेले, की पुन्हा म्हणत नसत. वडिलांची फुंकर तिच्यात उतरली होती, आणि फिरवण्याची लय तर वडिलांहून सरस.

आता खरी गोष्ट सांगतो. ती याच दसऱ्याची आहे.

दादरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मृणालिनीबाई नवरात्रात वर्कशॉपमध्ये आल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तीन मानांचा एक मोठा चंबू होता. रमाकांतांनी तरुणपणी केलेला, मीच धरलेला. त्याची एक मान टवकली होती.

"मेघना, स्पष्टच सांगते," बाई म्हणाल्या. "नवे प्राचार्य म्हणतात, जुनी काच काढून टाका. मी म्हटलं, दुरुस्त करणारी माणसं आहेत. ते म्हणाले, एक करून दाखवा. हा चंबू नीट झाला तर कपाटातली बाकीची साठ भांडी तुझ्याकडे येतील. नाही झाला तर सगळं भंगारात."

"शनिवारी या बाई," मेघना म्हणाली. "बाबांची काच आहे. मी भंगारात जाऊ देते होय?"

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा मांडतात. मेघनाची अकरा वर्षांची मुलगी आरोही दुपारपासून मागे लागली होती, "आई, या वर्षी हत्यारं मी साफ करणार. एकटी. तू बघायला पण यायचं नाही हां!"

"कर बाई. पण काच फोडू नकोस म्हणजे झालं."

काचेला तिने हातही लावला नाही. चिमटा, कात्री, मऊ काचेला आकार द्यायच्या सपाट्या, एकेक करून घासले, पुसले. माझी पाळी आली. माझ्या बोटांवरची ती काळी, विसकटलेली पट्टी पाहून तिने तोंड वाकडे केले. "शी! तुला कुणी आंघोळ घालतच नाही का रे?" असे म्हणून तिने पट्टी उलगडून केरात टाकली आणि चिंच लावून माझी बोटे लख्ख केली. खरे सांगतो मित्रांनो, इतक्या वर्षांनी उजेड अंगावर पडला आणि मीही थोडा हुरळलो.

मग तिच्या लक्षात आले, की याला पट्टी असते. नवी पट्टी कोणत्या खणात आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि विचारले असते तर आईला चकित करायची मजा गेली असती. तिने प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी सुती पट्टी काढली, आणि इतक्या सफाईने गुंडाळली, की काय सांगू! सूत ते सूत. मी गिरणीतला आहे, मला ते स्पर्शालाच कळले. पण मला बोलता कुठे येते?

पूजेला झेंडूची फुले, हळदकुंकू, पेढे. रमाकांत म्हणाले, "अरे वा, पंज्याला नवे कपडे!" त्यांना वाटले, पट्टी मेघनाने बदलली. मेघनाला वाटले, बाबांनी. दोघांनीही विचारले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेघनाने चंबू भट्टीत सावकाश तापवला, माझ्या चार बोटांत धरला आणि ज्योतीपुढे नेला. किती सुंदर काम चालले होते ते! टवकलेली मान तिने मऊ केली, ग्रॅफाइटच्या सपाटीने गोल उघडली, फुंकर घातली. मान फुलासारखी उमलली. इकडे माझ्या अंगावरचे सूत काळे पडत होते. जांभळट चष्म्यातून पाहिले तर मी नेहमीसारखाच काळा. एका बोटाच्या टोकाशी सूत जळून निसटले आणि पोलाद उघडे पडले. ते तापलेल्या काचेला टेकले.

टिक्.

एवढाच आवाज. चंबूच्या पोटावर बोटभर लांबीचा तडा केसासारखा धावला आणि थांबला.

मेघनाने ज्योत बारीक केली, चंबू कसाबसा भट्टीत ठेवला आणि मला बाकावर टाकून ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली. रमाकांत आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, माझी आच चुकली. किंवा हात हलला. कळलंच नाही मला."

"होतं गं कधी कधी."

"तुमच्या हातून व्हायचं?"

रमाकांत वळून भट्टीची आच पाहू लागले. ते पाहून ती आणखी खचली. "मोठी कामं आता नको, बाबा. परीक्षानळ्या करीन, डबीच्या झाकणाएवढं काहीतरी करीन. बाईंना उद्या तसं सांगते."

आरोही शाळेतून आली, तिने मला खुंटीवर लावायला उचलले, आणि माझ्या बोटावरची जळकी पट्टी तिच्या चिमटीत राखेसारखी चुरली. तिने बोटे नाकाशी नेली. चिंधी जळल्याचा वास. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तिला सगळे उमजले होते. सांगायला म्हणून ती दारापर्यंत गेली, आणि आईचे डोळे सुजलेले पाहून तशीच मागे फिरली.

मला तिचा राग आला नाही. खरे बोलायला तिला वेळ लागत होता. काच थंड व्हायलाही लागतो.

शनिवारी दुपारी मृणालिनीबाई आल्या. मेघनाने चंबू त्यांच्यापुढे ठेवला.

"मान झाली बाई, पण पोटाला तडा गेला. माझा हात गेला. प्राचार्यांना सांगा, दुसरीकडे बघा म्हणावं. मोठी काच आता मी घेणार नाही."

"असं कसं? एका तड्यावरून?"

"तडा का गेला तेच मला कळत नाही. ज्याला ते कळत नाही, त्याने हात लावू नये. बाबांनीच शिकवलंय."

बाईंनी चंबू पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले रमाकांत भिंतीकडे पाहत होते. आणि आरोही उठली. तिने मला खुंटीवरून काढले, दोन्ही हातांत धरले आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, तुझा हात नाही गेला. याची पट्टी मी बदलली. जखमेवर बांधायची बांधली, कापडाची. काल ती चुरली तेव्हाच मला कळलं होतं."

मेघनाने मला तिच्या हातून घेतले आणि माझ्या बोटावर अंगठा घासला. राख पडली, खालून पोलाद चमकले.

"कालपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी काल जेवले नाही, ते बघत बसलीस?"

आरोहीचा हुंदका फुटला. "मला वाटलं, तू मला परत कधी इथे येऊच देणार नाहीस."

"मूर्ख कुठली," मेघना म्हणाली. पण तिचा आवाज मऊ झाला होता. ती आपले हात पुढे धरून पालथे-उताणे करून पाहत होती, हरवलेली वस्तू सापडल्यासारखे.

रमाकांत स्टुलावरून म्हणाले, "तिला एकटीला नको बोलूस. नवी पट्टी मला दिसली होती. पन्नास वर्षं काच फुंकलेला कारागीर मी, बोट लावून बघितली नाही. पेढा खात बसलो."

"आजोबा, तुम्ही तीन खाल्ले," आरोही नाक पुसत म्हणाली, आणि मृणालिनीबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारले, "मेघना, हा मी नेऊ की ठेवू?"

"ठेवा," मेघना म्हणाली. "उद्या सकाळी या. आणि आरोही, इकडे ये. खालचा खण उघड. ही बघ खरी पट्टी. हात लावून बघ, कशी लागते?"

"खाजरी."

"लक्षात ठेव. आता गुंडाळ. टोकापासून सुरुवात. सैल नको, ओढून."

आरोहीने चारही बोटांना पट्टी चढवली. दोनदा उलगडायला लावली, तिसऱ्यांदा आईने मान डोलावली. मग जळत्या काडीवर पट्टीचा एक तुकडा धरून दाखवला. तो लाल झाला, काळवंडला, पण जळला नाही. आरोही डोळे विस्फारून बघत राहिली.

रविवारी सकाळी मेघना पुन्हा बाकावर बसली. तडा बुजवणे हे मान करण्याहून अवघड. जराशी घाई झाली, तर तो चंबूभर पळतो. आधी पिवळी, मवाळ ज्योत लांबून, मग जवळून, मग निळी. मी चंबू धरला होता. तिच्या बोटांत माझी मूठ फिरत होती, तीच जुनी लय, कुठे अडखळ नाही. तड्याची रेघ टोकाकडून वितळत आली, अर्धी झाली, ठिपक्याएवढी झाली, आणि नाहीशी झाली. तिने नळीतून श्वास सोडला. पोट होते तसे गोल झाले. माझ्या इतक्या वर्षांत मी याहून चांगले काम पाहिलेले नाही, रमाकांतांचेसुद्धा, आणि हे त्यांना सांगितले तर त्यांना आनंदच होईल.

भट्टीतून चंबू निवून बाहेर आला, तेव्हा बाईंनी तो खिडकीशी धरून सगळीकडून पाहिला. "कुठे होता गं तडा?" त्यांनी विचारले. मेघनाला दाखवता आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी काळी, विरलेली, ओबडधोबड वस्तू असेल. तिच्यावर माया करा, पण तिला हात घालण्याआधी एवढे विचारा, की ती अशी का आहे. तवा काळा का, आजीच्या सुरीला मुठीपाशी चिंधी का. ज्याच्या हातात ती रोज असते, त्याला विचारा. आणि विचारायचे राहून गेलेच, काही बिघडले, तर ते सांगून टाका. सांगितलेला तडा बुजवता येतो.

त्या रविवारी सगळे खिडकीशी चंबू पाहत होते, तेव्हा आरोही ओले फडके घेऊन माझ्याकडे आली. मी धास्तावलो. तिने तळहात माझ्या बोटांजवळ नेऊन मी निवलो आहे का ते पाहिले. मग माझ्या लाकडी मुठीवरचा आईच्या हाताचा घाम पुसला, तपकिरी पडू लागलेल्या पट्टीला तसेच राहू दिले, आणि मला खुंटीवर टांगले.