आतल्या बाजूची पट्टी

"ही पट्टी कोणी लावली?" ऋतिका मॅडमनी विमलची चप्पल उलटी करून विचारलं.

"मी," मी म्हणालो. "आतल्या कडेला सहा मिलिमीटर, बाहेर येईपर्यंत शून्य. गॅस्केटचं रबर आहे, दाबलं जात नाही. असलं बाजारात मिळायचं नाही तुम्हाला."

आता सांगायला लाज वाटते, पण मी कौतुकाची वाट बघत होतो. चौतीस वर्षं पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस मी. डोंगराच्या पोटात टर्बाइनची एवढाली धुडं फिरतात आणि त्यांच्यात केसाएवढा फरक पडला तर तो बोटाला कळावा लागतो. मला कळायचा. साहेब लोक कागद घेऊन यायचे आणि शेवटी म्हणायचे, गंगारामला हात लावून बघू दे. असा माणूस मी, बायकोच्या चपलेत पट्टी लावायला मला कोण शिकवणार?

मॅडम म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी. फिजिओथेरपीचं शिकून चिपळुणात आलेली. ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "काका, काकू ही किती दिवस वापरतायत?"

"आठ महिने झाले. दिवसभर. घरातसुद्धा."

तिने चप्पल हळूच खाली ठेवली आणि विमलला म्हणाली, "काकू, जरा भिंतीला धरून उभ्या राहता?"

विमल उभी राहायला लागली. त्याला वेळ लागतो, म्हणून तेवढ्यात मागचं सांगतो.

विमलचे पाय लहानपणापासून फेंगडे. पावलं जुळवून उभी राहिली तरी दोन गुडघ्यांमध्ये माझी मूठ सहज बसायची. बघायला गेलो तेव्हा साडीत काय दिसणार? लग्नानंतर एकदा शेतावर जाताना पऱ्या ओलांडायचा होता, तिने साडी वर खोचली आणि पाण्यात उतरली तेव्हा मला दिसलं. मी काठावर उभा राहून पोट धरून हसलो. म्हटलं, "अगो, तुझ्या पायांतून मांजर जाईल, तुला कळायचं पण नाय." तीपण हसली. तो विनोद मी अडतीस वर्षं चालवला. पॉवरहाऊसच्या कॉलनीत माझ्या सगळ्या दोस्तांना तो पाठ होता. त्याच पायांवर तिने दोन मुलं वाढवली, पाणी भरलं, लावणीला चिखलात उभी राहिली. ती हसते म्हणजे तिला काही वाटत नाही, असं मी धरून चाललो होतो. माझा स्वभावच तसा.

मग पन्नाशीनंतर गुडघे दुखायला लागले. चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून दाखवला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांमध्ये फट होती, आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलं होतं. ते म्हणाले, पाय असे वाकडे असले की सगळा भार आतल्या बाजूवर येतो, ती बाजू झिजते. गुडघा बदलणं हा खरा उपाय. पण विमलच्या हृदयाची झडप खराब. हृदयाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की भूल देऊ देणार नाही, टेबलावरून परत येतील याची खात्री नाही. म्हणजे जे काय करायचं ते ऑपरेशनाशिवाय. वजन कमी करायचं, मांडीची ताकद वाढवायची, खाली बसायचं नाही आणि चपलेत एका बाजूने चढ असलेली पट्टी घालायची. "हेच गुडघे त्यांना शेवटपर्यंत पुरवायचेत," डॉक्टर म्हणाले. "फिजिओथेरपीच्या मॅडमकडे चिठ्ठी घेऊन जा. त्या माप घेतील, पट्टी कशी लावायची ते सांगतील."

चिठ्ठी मी खिशात घातली. फोटो मी बघितलाच होता. बाहेर येऊन विमलला म्हटलं, "यात कसली आलीय मॅडम? पंपाचा एक पाय खचला तर त्याच पायाखाली पत्रा सारून लेव्हल आणतात. तुझी आतली बाजू खचलीय. आतून उचलायचं, झालं."

ती म्हणाली, "एकदा विचारून तरी घ्या."

मी म्हटलं, "तू गप."

त्याच दिवशी पट्टी कापली. विमल घरात चप्पल घालणारी बाई नव्हे. स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे तिच्या लेखी पापच. मी दुसरा जोड केला आणि सांगितलं, देवाची खोली सोडून सगळीकडे घालायची. दोन दिवस ती पुटपुटली, मग घालायला लागली. दुसऱ्यांच्या बायका डॉक्टरचं ऐकत नाहीत म्हणून रडगाणं गातात. माझ्या बायकोने माझं ऐकलं, सकाळच्या चहापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत, एक दिवस चुकवला नाही.

गणपतीच्या आधी ती परड्यातून कढीपत्ता आणायची बंद झाली. दिवाळीनंतर शेजारी येसूबाईंकडे जायची बंद झाली. मी तिच्यावरच ओरडायचो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो दाबायचा, दहा आकडे मोजायचे, असा डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता. ती आडवी पडून दाबत असायची आणि मी दारातून म्हणायचो, "मनापासून करत नाहीस तू. चुकारपणा करतेस." ती पुन्हा एकपासून मोजायची. मग एका सोमवारी ओट्यापासून दारापर्यंत जाताना ती मधेच जमिनीवर बसली आणि तिला उठवताना मला घाम फुटला. तेव्हा कुठे मी ती चिठ्ठी शोधली.

तर विमल भिंतीला धरून उभी राहिली. मॅडमनी खाली बसून दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजलं, लिहिलं, जुना फोटो आणि आज काढलेला फोटो शेजारी शेजारी लावले. मग मला म्हणाल्या, "काका, पट्टी बाहेरच्या कडेला हवी होती."

"कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "झिजलीय आतली बाजू."

"हो. म्हणूनच."

"अहो पण जी बाजू खचली तिच्याखाली टेकू द्यायचा, हे लहान पोर सांगेल."

तिने वाद घातला नाही. रबराचा एक उतरता तुकडा घेतला आणि म्हणाली, "चपला काढा. यावर उभे राहा." माझ्या पावलाच्या आतल्या कडेखाली तिने तो सारला. "आता सगळं वजन याच पायावर द्या आणि गुडघा कुठे जातो ते बघा."

मी वजन दिलं. गुडघा बाहेर गेला. थोडासाच, पण गेला. आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीपाशी, दाब आला. केसाएवढा फरक बोटाला कळणारा माणूस मी, मला तो कळला. तिने तुकडा काढून बाहेरच्या कडेखाली घातला. गुडघा आत आला आणि दाब सैल झाला.

पंप फाउंडेशनला बोल्टने आवळलेला असतो. खाली पत्रा घाला, तो जागचा न हलता वर उचलला जातो. माणसाचं पाऊल कुठे आवळलेलं असतं? ते कलतं आणि वरचं सगळं घेऊन कलतं. एवढी साधी गोष्ट. चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली शिकलेल्या कुठल्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला दिवसभर उन्हात उभा केला असता.

"म्हणजे माझ्यामुळे..." मी म्हणालो.

"झीज होणारच होती, काका," मॅडम म्हणाल्या. "पट्टीने ती थांबत नाही. कमी दुखतं, थोडी वर्षं जास्त मिळतात, कधी तेही नाही. पण ही उलटी होती आणि काकू दिवसभर घालत होत्या. त्यामुळे थोडं लवकर झालं असेल." थोडं म्हणताना तिने फोटोकडे बघितलं नाही.

"आता बाहेरून लावली तर?"

"आता लावून फारसा फरक पडेल असं नाही वाटत. वॉकर घेऊ या आपण. घरातल्या घरात तरी फिरतील."

तेवढ्यात विमल म्हणाली, "बाय, त्यांची काय चूक नाय. मीच सांगितलं त्यांना आतून लावा म्हणून. ते म्हणत व्हते तुमच्याकडे येऊया, मीच नको म्हटलं. चालायचा कंटाळा, दुसरं काय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. शब्द फुटला नाही असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मी तो फोडला नाही. एका चोवीस वर्षांच्या पोरीसमोर मी माझ्या बायकोला खोटं बोलू दिलं आणि ती ढाल पुढे धरून बसलो. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वॉकरची उंची कशी ठरवायची ते विमलला समजावलं. मला समजावलं नाही.

घरी आल्यावर आधी चपला घेऊन बसलो. मी दोन्ही जोडांच्या पट्ट्या सोडवल्या. चांगल्या चिकटवल्या होत्या, निघता निघेनात.

त्यानंतरचा रविवार. आठ महिने रविवारची सकाळ चपलांची असायची. ओसरीवर बसून मी विमलचा पाय मांडीवर घ्यायचो, टाच बघायचो, गुडघ्यातलं अंतर मोजायचो, रबर कुठे झिजून वरखाली झालं असेल तर कानस मारून सारखं करायचो. त्या रविवारी मी आतच बसून राहिलो. वॉकरचा आवाज ओसरीपर्यंत गेला. मग हाक आली.

"काय ओ, आज येत नाय?"

मी बाहेर गेलो. ती खुर्चीत बसली होती. मी खाली पायरीवर बसलो आणि जे इतके दिवस टाळत होतो ते विचारलं. "दुखायचं ना गो?"

"दुखायचं की."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? मी तुला चुकार म्हणत होतो. शिव्या घालत होतो. तू तोंड उघडून एकदा सांगायचंस."

ती समोरच्या फणसाकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "अडतीस वर्षं तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत ते हसायला. ह्या आठ महिन्यांत पहिल्यांदा चष्मा लावून, मांडीवर घेऊन बघायला लागलात. नख वाढलंय, टाच फुटलीय, सगळं सांगायचात. मी बोलले असते तर तुम्ही ते पण बंद केलं असतंत." मग म्हणाली, "इतकं होईल असं नाय वाटलं."

मला रडू आलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, ओसरीच्या पायरीवर, भर सकाळी. तिने काही समजूत घातली नाही. पाणी प्या म्हणाली नाही. मी डोळे पुसले तेव्हा तिने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीच्या पुढे आणला होता. तो आता स्वतःहून तेवढा उचलला जात नाही. मी तो मांडीवर घेतला. घोट्याला सूज होती. कानस आत होती, टेप आत होता, आणि त्यांनी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पाय तसाच धरून मी बसलो.

येसूबाई टोपली घेऊन समोरच्या वाटेने चालल्या होत्या. थांबून, मान उंच करून त्यांनी विचारलं, "काय गो विमल, आता काय चाललाय ह्यांचा?"

विमल म्हणाली, "माप घेतायत."

मी मान खाली घातली, तिच्या गुडघ्याला वीत लावली, आणि येसूबाई वळणापलीकडे जाईपर्यंत माप घेत बसलो.