धक्क्यावरची उलटी तोफ

मी बोलतेय खरी, पण माझं तोंड जमिनीत पुरलेलं आहे. तेव्हा आवाज जरा दबका आला, तर सांभाळून घ्या.

मी तोफ. किल्ल्याच्या बुरुजावर बसून समुद्राला दरडावण्यासाठी मला ओतलं. कारागिराने किती लाडाने घासलं होतं मला! पण चाचणीच्या पहिल्याच बाराला माझ्या पोटाला तडा गेला आणि सगळा थाट तिथेच संपला. बंदरावरचं कुणीतरी म्हणालं, "धक्क्यावर उलटी पुरा हिला. गलबतं बांधायला तरी होईल."

अशी मी एकही लढाई न बघता कामाला लागले. तोंड खाली, बूड वर. आधी फार लाज वाटायची. मग एक मोठं गलबत आलं. त्याचा मांडीएवढा दोर माझ्या मानेला पडला, पाण्याने ते लाकडी धूड मागे खेचलं, आणि मी जागची हलले नाही. त्या दिवशी लाज गेली ती कायमची.

काय बंदर होतं ते! दोन्ही काठांना डोळे दिपवणारी मिठागरं. नदी डोंगरातून लाकूड आणायची, खाडीतून मीठ बाहेर जायचं. समुद्र आत यायचा, बाहेर जायचा, आणि अख्ख्या मुलखाचं पोट त्या येण्याजाण्यावर चालायचं. न्हावीसुद्धा ओहोटीलाच दुकान उघडायचा. भरतीला गिऱ्हाईक येणार कुठून, सगळे धक्क्यावर! मी त्या पाण्याकडे बघत राहायचे. एवढं अफाट, आणि तरी रोज वेळेवर.

मीठ न्यायला येणारी गलबतं रिकामी यायची. रिकामं गलबत लाटेवर कलंडतं, म्हणून त्याच्या पोटात दगड भरलेले असत. इथे आलं की दगड काढायचे आणि मीठ भरायचं. ते दगड बाहेर खोल समुद्रात टाकायचे, असा नियम होता. पण तेवढ्यासाठी एक भरती हातची जायची, म्हणून सगळे ते इथेच, धक्क्याखाली टाकत. "दगडांनी काय समुद्र भरतो?" असं म्हणून गलबतांचे तांडेल हसायचे, हमाल हसायचे, मीठवालेही हसायचे.

आणि काय एकेक दगड! लाल, हिरवट, काळे कुळकुळीत, काही चमचम करणारे. बायका त्यातले चांगले वेचून न्यायच्या आणि पायऱ्या, भिंती बांधायच्या. आजही या गल्लीतल्या एखाद्या भिंतीवरून हात फिरवा, कुठकुठले किनारे बोटांना लागतील. मी कुठेच गेले नाही, पण जग माझ्या दारात येऊन पडलं. अजून त्याचं नवल वाटतं मला.

गलबतांना खाडीतून आत आणणारा एक वाटाड्या होता. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, आणि दोन्ही हात पसरले की एक वाव, अशी खोली मोजायची. त्याची ही सवय इतकी मुरली होती की घरात नवी चटई आली तरी तो हात पसरूनच मोजायचा. पुढे सगळे त्याला वावआबा म्हणायला लागले. त्याच्या तरुणपणी दोरी पुरत नसे. हळूहळू शिसं लवकर तळाला टेकायला लागलं. दगडांत नदीचा गाळ अडकला, गाळावर गवत आलं, मोठी गलबतं दुसऱ्या बंदराला गेली, मीठ ट्रकने जायला लागलं. आणि एवढा मोठा समुद्र पाय न वाजवता माझ्यासमोरून उठून निघून गेला.

आता हा मुलूख बर्फाच्या कारखान्यावर, कोळंबीच्या तळ्यांवर आणि सुट्टीतल्या पाहुण्यांवर जगतो. खाडीच्या जागी घरं झाली. वावआबांच्या मुलानेही माझ्यासमोरच, उताराखाली घर बांधायला घेतलं.

"अरे, पाण्यात घर बांधतोयस!" आबा म्हणाले.

"आबा, पाणी आहे कुठे?"

"बाहेर गेलंय. येईल."

मुलगा हसला आणि जहाजावरच्या नोकरीला निघून गेला. सून बर्फाच्या कारखान्यात कामाला. तिने कपडे वाळत घालायची दोरी खुशाल माझ्या मानेला बांधली. "बघू तरी, आबांच्या तोफेला चादरी पेलतात का!" आबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, पण खिडकीतून मला बघून हसायचे.

मग गेल्या वर्षी ते वादळ आलं. भर दुपारी समुद्र आला. रस्त्याने नाही, गटारानेही नाही. बुजलेल्या खाडीच्या जुन्या वळणावळणाने आला. ती वळणं आता कुणालाच दिसत नव्हती, पण त्याच्या बरोबर लक्षात होती. मला भीती वाटली. आणि खरं सांगते, भीतीहून मोठं असं काहीतरी वाटलं, हात असते तर जोडले असते.

कपड्यांची दोरी केव्हाच तुटून गेली होती. घरात छातीभर पाणी. अंगणात आबांची जुनी होडी होती, सरपण ठेवायची. सुनेने लाकडं भिरकावली, सासऱ्यांना उचलून होडीत घातलं आणि स्वतःही चढली. तोवर पाणी फिरलं आणि होडी समुद्राकडे ओढायला लागलं. सरपणाखाली जुना जाड दोर होता. एक टोक होडीला होतंच. तिने दुसऱ्या टोकाला फास केला आणि फेकला. तो माझ्या पाठीवर आपटून घसरला.

"मानेला टाक गं, मानेला!" आबा ओरडले.

"तुम्ही गप्प बसा आधी! टाकतेय ना!"

दुसऱ्या वेळी फास पडला, बरोबर जुन्या दोरांनी पाडलेल्या खाचेत. होडीने हिसका दिला. माझा तडा करकरला. या तड्याला मी जन्मभर कोसत आले होते. त्या दिवशी त्यालाच विनवलं, बाबा, एवढं धर. त्याने धरलं. सून हातांनी दोर ओढत ओढत होडी धक्क्याला घेऊन आली.

आबांनी मला चाचपलं आणि सुनेला म्हणाले, "बंदरात आणलंस गं मला, पोरी." आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना आणलं होतं. ती इतका वेळ खंबीर होती, तिथे मात्र रडली.

आबा त्याच वर्षी गेले, पण कोरड्या अंथरुणात, सुनेच्या हातचं पाणी पिऊन.

आता नगरपालिकेचे साहेब येतात. मला उपटून, घासूनपुसून, चौकात तोंड वर करून बसवायचं म्हणतात. गावाची शान! सून त्यांना विचारते, "मग पुढच्या वेळी दोर कुणाच्या मानेला टाकू, साहेब? तुमच्या?"

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, मला सरळ करू नका. समुद्राला वाट पाठ आहे.

सुनेने कपड्यांसाठी नवी दोरी आणलीच नाही. होडीचा तोच जाड दोर घरापासून माझ्यापर्यंत ताणून बांधलाय. त्याला चिमटे बसत नाहीत, टॉवेल सारखे खाली पडतात. शेजारणी हसतात, पडलेला टॉवेल झटकून परत दोरावर टाकतात, आणि जाता जाता माझ्या मानेची गाठ ओढून बघतात.