पळसाच्या देठांचा माणूस

गंगूताईंच्या धाकट्या लेकीची सोयरीक जुळली, ते साल १९४६. वसमतला देवळामागे त्यांचं घर. त्या सकाळी सून प्रेमा अंगणात शेवया वाळत घालत होती. तिचा नवरा उद्धव मुंबईला लढाऊ जहाजावर खलाशी होता. माघात खलाशांनी गोऱ्या साहेबांविरुद्ध संप केला, गोळीबार झाला. तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं.

ओसरीवर व्याही गंगूताईंच्या यजमानांना म्हणाले, "गोपाळराव, पोरगं जितं आहे का मेलं, एक काय ते सांगा. लटकत्या सुतकाच्या घरातली पोरगी आमी करत न्हाई."

"शास्त्रात बारा वर्षं वाट पाहायला सांगितली आहे," गोपाळराव पुटपुटले.

"मग लेक बी ठेवा बारा वर्षं. लोणचं घाला तिचं!"

चौथ्या दिवशी, प्रेत नसलं की करतात तसा, पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस बांधला, त्याला उद्धव म्हटलं आणि ओढ्याकाठी जाळलं. न्हावी आला तेव्हा प्रेमाने सासूचे पाय धरले.

"आत्याबाई, एवढा आखाड जाऊ द्या. ते येतील."

"काहून छळतेस पोरी? लेकरू माझं गेलंय!" असं म्हणत गंगूताईंनीच तिचं डोकं दाबून धरलं.

सुतक फिटलं, लग्न झालं. वऱ्हाडाला तोंड दिसू नये म्हणून प्रेमा कोठीत होती. पुढेही तिथेच राहिली.

आषाढात उद्धव दारात उभा राहिला. लष्करी न्यायालयाने त्याला कैद दिली होती, नोकरीवरून काढलं होतं. कैदेतून पत्र धाडायची मुभा नव्हती. गंगूताई भूत पाहिल्यासारख्या किंचाळल्या. ओसरीवर भटजी आणि चार वडीलधारे जमले.

"ज्याला अग्नी दिला, त्याला पुन्हा जन्मावं लागतं," भटजी म्हणाले. "बारसं, मुंज, लग्न, सगळं नव्यानं. बायको मात्र दुसरी."

"काहून? माझी आहे की!"

"ती विधवा. बोडकीला बाशिंग बांधतोस?" कोणीतरी हसलं.

उद्धव उठला. "जहाजावर पाच गोरे साहेब माझा न्याय करायला बसले होते. वैरीच ते. पण त्यांनी विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का? तुमी तिला एकदा तरी विचारलं?"

भटजींनी पंचांग मिटलं.

"मी तिला घेऊन चाललो," म्हणत तो कोठीकडे गेला. कोठी रिकामी होती. भिंतीआडून ती ऐकत होती. बोडकीला बाशिंग, हे ऐकलं आणि ती मागच्या दाराने गेली. पुढचं तिच्या कानी पडलं नाही.

परसातल्या विहिरीतून तिला वर काढलं. प्रेमा, वय एकोणीस, १९४६ च्या आषाढ वद्य पंचमीला वारली. तिचा नवरा तेव्हा जिवंत होता.