तीन शनिवार कुंपणापाशी

कुरिंबा फुटबॉल क्लबच्या शतकमहोत्सवी ग्रंथासाठी माझ्या वडिलांवरील टिपण मीच लिहावे, असे अध्यक्ष डॅरिल क्लेमर यांनी ठरवले; कारण मी विद्यापीठात इतिहास शिकवला होता आणि मोबदला मागणार नव्हते. सोबत त्यांनी पहिले वाक्यही पाठवून दिले : ‘ऑरी टीस्डेल यांना गाव सोडून जावेसे कधी वाटलेच नाही.’ पुराव्याच्या आधी निष्कर्ष धाडण्याची ही रीत मी साम्राज्यांच्या दफ्तरांत पाहिली होती. ऑस्ट्रेलियातल्या या गव्हाच्या मुलखात ती इतक्या निरागस चेहऱ्याने भेटेल, असे मात्र वाटले नव्हते.

वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. चौदा हंगाम, दोनशे सत्तर सामने, जर्सीवर एकच क्रमांक : नऊ. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फुटबॉलमध्ये एका बाजूला अठरा खेळाडू असतात, आणि लाथेने उडवलेला चेंडू उंच उडी मारून हातांनी झेलणे हे त्यातले मोठे कसब. त्यांनी माझ्याकडे एकच मागणे केले.

“एवढं लिही पोरी, की मेलबर्नच्या क्लबनं मला मागितलं होतं. पत्र आलं होतं. बाकी तुला काय हवं ते लिही.”

ते पत्र घर बदलताना हरवले होते. आपल्याला एकदा कुणी मागितले होते, हे सिद्ध करण्याचे साधन या माणसाजवळ साठ वर्षे नव्हते.

तो पुरावा मला क्लबच्या कपाटात, सभावृत्तांताच्या वह्यांत सापडला. मार्च १९६१ : ‘मेलबर्नहून टीस्डेल यांची मागणी. सोडपत्र नामंजूर. खेळाडूची येथे गरज आहे.’ मार्च १९६२ : तेच शब्द, त्याच वळणाचे. खाली चिटणीस ओटो क्लेमर यांची सही, म्हणजे डॅरिलच्या आजोबांची. त्या काळी गावच्या क्लबने सोडपत्र दिल्याखेरीज खेळाडूला शहरात पाऊल टाकता येत नसे. सोडपत्र देणाऱ्या समितीवर ऑरी टीस्डेलचे दोन चुलते होते, आणि त्याच्या झेलांवर शनिवार साजरे करणारे सगळे गाव समितीच्या पाठीशी होते. प्रेमाने केलेल्या अन्यायाइतकी नीटनेटकी कागदपत्रे दुसऱ्या कशाचीच नसतात. मी चार पाने लिहिली, नावांसकट, आणि डॅरिलला पाठवली.

त्या शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे सीमारेषेच्या कुंपणाला गाडीचे नाक लावून बसलो होतो. कुरिंबाचा गोल झाला की मैदानाभोवतीच्या साऱ्या गाड्या भोंगे वाजवत, वडीलही वाजवत. डॅरिल एका हातात मांसाचे सारण भरलेला गरम मीट-पाय आणि दुसऱ्या हातात माझी पाने घेऊन खिडकीशी आला.

“काय ऑरीकाका, बूट आणलेत ना? आज पुढच्या फळीत एकाचाही हात वर जात नाहीये.”

“तुला बचावात उभं करा की. तुझ्या पोटाला वळसा घालेपर्यंत सामना संपेल.”

डॅरिल मनापासून हसला आणि मग माझ्या बाजूला वाकला. “ताई, आजोबांना अगदी फासावरच चढवलंत की!”

“त्यांच्याच अक्षरात होतं ते उतरवलंय.”

“लोक शतकमहोत्सवाला जेवायला येणार, पुस्तक चाळणार, आणि त्यांना वाटणार आम्ही काय तुरुंग चालवत होतो? ते मागणीचं वाक्यसुद्धा नकोच. मागितलं म्हटलं की विचारणारच, मग गेले का नाहीत?”

“तोच तर प्रश्न आहे.”

“असं? मग दोन हंगाम कुठंच खेळले नसते, तर आपोआप सुटले असते ना? नियम होता तसा. कुणी बांधून ठेवलं होतं?”

नियम मला ठाऊक होता. मी तो तळटीपेत ढकलला होता; गैरसोयीच्या सत्यासाठी विद्वानांनी राखून ठेवलेली ती जागा आहे. मी वडिलांकडे पाहिले. ते संतापतील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर इच्छा होती.

“राहिलो होतो की न खेळता,” वडील म्हणाले. “तीन शनिवार.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“बासष्ट सालात. पलीकडं, त्या टाकीपाशी, कुंपणाला टेकून. अंगात चर्चला जायचा कोट. पहिला शनिवार आपण जिंकलो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. दुसरा हरलो. मग सगळ्यांनी बघितलं. तिसऱ्याला दोघांना गालगुंड झालं, मैदानात सतराच माणसं. ओटो आला. माझी नऊ नंबरची जर्सी माझ्याशेजारी कुंपणावर टाकली आणि निघून गेला.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. कुणी बोलावलंच नाही गं. बोलावलं असतं, तर नाही म्हणालो असतो.”

“मग?”

“मग काय. थंडी होती. घातली.”

“जिंकलात?” डॅरिलने विचारले.

“अकरा गुणांनी हरलो.”

एकदा खेळले की दोन हंगामांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शहराने वाट पाहिली नाही. तिसरे पत्र आलेच नाही. माझा राग निवला नाही, फक्त त्याला नेमका पत्ता मिळाला. हुकूम द्यावा लागतो तोवर सत्ता कच्चीच असते. ओटो क्लेमरने कुंपणावर नुसती जर्सी टाकली होती.

वडिलांनी डॅरिलच्या हातून पाने घेतली, माझ्या पर्समधून पेन्सिल काढली आणि गाडीच्या स्टिअरिंगवर कागद टेकवून खोडायला सुरुवात केली. ओटोचे नाव गेले. चुलत्यांची गेली. माझी उत्तम, धारदार वाक्ये एकामागोमाग एक गेली. शेवटी उरले एवढेच : ‘मेलबर्नच्या क्लबने दोनदा मागणी केली. कुरिंबाने दोनदा नाकारली.’ त्याखाली त्यांनी लिहिले : ‘१९६२ मध्ये तीन शनिवार कुंपणाबाहेर उभे राहिले.’

कागद त्यांनी मला नव्हे, डॅरिलला दिला.

“एवढं छाप. नाहीतर माझं नावच काढ पुस्तकातनं.”

“तुमचं नाव काढलं तर पुस्तकात उरणार काय काका, चहाच्या किटल्या?” डॅरिलने कागद दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी जरा जास्त वेळ लागला. मग घडी करून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. “छापतो,” तो म्हणाला आणि गार झालेला मीट-पाय खात निघून गेला.

कुरिंबाचा गोल झाला. चहूकडून भोंगे वाजले. वडिलांचा हात मांडीवरच राहिला.

“पोरी, तिथं मैदान फार मोठं असायचं म्हणतात. माणसंही भारी दांडगी. मला तिथं एखादा तरी चेंडू मिळाला असता का गं?”

जे घडलेच नाही त्याचा इतिहास विचारणाऱ्यांना मी वर्गात नेहमी हसत आले होते.

“पहिल्या पाच मिनिटांत,” मी म्हणाले.

“उंच झेल, की जमिनीवरनं उचललेला?” त्यांनी विचारले, आणि खेळाकडे पाठ करून, माझ्याकडे वळून, उत्तराची वाट पाहत बसले.