न खाणारा धंदा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. अर्धी अलेक्झांड्रिया माझ्या अंगावर चढून गेली आहे. मी भर समुद्रातून आलेल्या एका लाटेचे वजन केले आहे. एकशे नऊ किलो, माशांसकट! आणि एवढ्या आयुष्यात मी खोटे वजन फक्त एकदाच सांगितले. ते का सांगितले, ते शेवटी येईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचे अंग, पोटात जाड स्प्रिंग, पाठीवर काळ्या रबराची चटई आणि समोर काचेची गोल खिडकी. दमन्हूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या दवाखान्यात नेले. "हा काटा माझ्यापेक्षा खरं बोलतो," असे त्या प्रत्येक पेशंटला सांगत. माझी मान ताठ होई. पण एके दिवशी काचेचा, चपटा, बॅटरीवर चालणारा काटा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मी चार वर्षे काढली. एका मांजरीने माझ्यावर पिल्ले घातली. रोज मनातल्या मनात मी त्यांची वजने करत असे, म्हणून माझे गणित शाबूत राहिले. पुढे भंगारवाल्याने मला उचलले आणि अलेक्झांड्रियाच्या शुक्रवारच्या बाजारात एका तुटक्या पंख्याशेजारी मांडले.

आता उस्ताज फिक्रींची गोष्ट ऐका. ('उस्ताज' म्हणजे आमच्याकडचे 'राव'.) ते पाणीखात्यात कारकून होते. त्यांची मुलगी शाहिंदा शाळेच्या शेवटच्या वर्षात गेली होती. वर्गात सत्तर मुली. मागच्या बाकावरून फळा दिसत नसे, मास्तर ऐकू येत नसत. शिकवणीशिवाय त्या परीक्षेत कोणी तरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि उस्ताजांचा पगार म्हणजे महिन्याच्या वीस तारखेलाच धापा टाकणारा.

शाहिंदा म्हणाली होती, "बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं, इंजिनिअर नाही व्हायचं. दगड वर का जात नाही, खालीच का पडतो, ते मला नीट समजून घ्यायचंय."

"परीक्षा कधी आहे?" उस्ताजांनी विचारले.

"जूनमध्ये."

"मग जूनपर्यंत मी काहीही करीन," ते म्हणाले. पुढे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की माझ्या स्प्रिंगला ते पाठ झाले.

पण करायचे काय? त्यांच्या कचेरीत दुपारी दोननंतर सगळेच दुसरे काही ना काही करत. कोणी अत्तर विकी, कोणी गच्चीत कबुतरे पाळी. शेजारच्या टेबलावरच्या बाई खणातून रात्रीचे गाऊन विकत. मागच्या खुर्चीवरचा लमई संध्याकाळी टॅक्सी चालवी.

"फिक्री, टॅक्सी चालव की लेका," लमई म्हणाला.

"मला गाडी येत नाही."

"मला तरी कुठे येते? अलेक्झांड्रियात हॉर्न आला म्हणजे झालं."

उस्ताजांनी ससे निवडले. गच्चीत पाळायचे आणि विकायचे. सोमवारी दोन आणले, गुरुवारी चाळीस झाले. (हसू नका. त्या गच्चीतले कबूतर मला भेटले आहे, त्यानेच सांगितले.) सशांनी शेजारणीचा पुदिना खाल्ला, दोरीवरचे पायमोजे खाल्ले, शेवटी दोरी खाल्ली. मग एक साथ आली आणि शनिवारपर्यंत सगळे संपले. त्यानंतर उस्ताजांनी लिंबाचे लोणचे घातले. ते उन्हाने फसफसले आणि बरणीचे झाकण खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याच्या आरशाला जाऊन लागले.

तेव्हा त्यांच्या बायकोने, बहिजाबाईंनी, कमरेला पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि फर्मान काढले. "ऐका हो शाहिंदाचे बाबा. यापुढे धंदा असा निवडायचा, जो मरत नाही, नासत नाही आणि खात नाही. समजलं?"

उस्ताज शुक्रवारच्या बाजारात या तीन अटी पुटपुटत हिंडले. भांडी पाहिली, कुलपे पाहिली, एक पोपट पाहून पुढे गेले, कारण पोपट खातो. आणि मग ते माझ्यापुढे थांबले. माझ्यावर चढले. मी चार वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडले आणि खरे तेच सांगितले : अठ्ठ्याहत्तर.

"बरोबर! गेल्याच महिन्यात दवाखान्यात एवढंच भरलं होतं!" ते आनंदाने म्हणाले. "अरे, तू मरत नाहीस, नासत नाहीस आणि खातही नाहीस."

आमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी सारे शहर फिरायला येते. कठड्यापाशी हाज्जा दौलत नावाची म्हातारी निखाऱ्यांवर मक्याची कणसे भाजी. तिच्या शेजारी उस्ताजांनी मला मांडले, माझी काच पुसली आणि कोट घालून, टाय लावून ते ताठ बसले. एक नाणे टाका, वजन करा.

पहिलेच गिऱ्हाईक एक आई होती. कडेवर गुटगुटीत बाळ. बाळ काही एकटे उभे राहत नाही, म्हणून आधी दोघांचे मिळून वजन करायचे, मग आईचे, मग वजाबाकी. उस्ताज पडले कारकून. कचेरीत हिशेब मोठ्याने वाचून दाखवायची सवय. त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केले, "बाळासकट शहाण्णव! बाळ वजा करता, आई ब्याऐंशी! बाकी राहिलं बाळ, चौदा किलो!"

सगळा रस्ता वळून बघू लागला. आईचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. तिने बाळ ओढणीखाली लपवले.

"नजर लावतोस होय रे माझ्या पोराला? चौदा म्हणे! तुझ्या डोळ्यांत मीठ पडो!" ती ओरडली. "आणि माझं वजन काय बोटवाल्यांना कळवायचं होतं?"

त्यानंतर आठ दिवस माझ्याकडे कोणी फिरकले नाही. आया मुलांचे डोळे झाकून पलीकडच्या पदपथावरून जात. एका चिमणीने तेवढे वजन करून घेतले, तेही फुकट.

नवव्या दिवशी हाज्जा दौलतने कणीस उलटता उलटता तोंड उघडले. "उस्ताज, तुम्ही शिकलेले आहात ना?"

"हो."

"मग एवढं कसं कळत नाही? पोराचं वजन, बाईचं वय आणि हांडीतलं मांस चारचौघांत मोजून दाखवायचं नसतं. माझा नातू गुबगुबीत झाला तेव्हा मी त्याला वर्षभर 'टोळ' म्हणून हाक मारली. कुणाची दृष्ट लागली का? नाही लागली."

"मग वजन सांगू कसं?"

"ते तुम्ही बघा. कारकून तुम्ही. मी कणीसवाली."

उस्ताज रात्रभर विचार करत बसले असे मी म्हणणार होतो, पण तसे झाले नाही. त्यांना तिथल्या तिथे सुचले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या कापून आणल्या. माझ्या खिडकीवर हाताचा आडोसा करून ते आकडा बघत, सुंदर अक्षरात लिहीत, चिठ्ठीची दोनदा घडी घालत आणि दोन्ही हातांनी, लग्नाची पत्रिका द्यावी तशी देत. "तुमच्यात, माझ्यात आणि देवात," एवढेच ते म्हणत. दृष्ट लागू नये म्हणून माझ्या कोपऱ्यात त्यांनी एक निळा मणीही बांधला.

मग काय विचारता! लग्न ठरलेल्या नवऱ्यामुली आल्या, नवस फेडलेल्या आया आल्या. मासळीबाजारातला लिलाववाला आला. तो चढला तेव्हा माझा काटा एक फेरी पूर्ण करून परत शून्यावर आला आणि तो गडी शून्य वाचून खूश होऊन घरी गेला. शाहिंदाची शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा ती रस्त्याच्या पलीकडून वही छातीशी धरून जाई आणि आम्हाला हात करी.

एका संध्याकाळी पाणीखात्याचे मोठे साहेब बायकोबरोबर फिरताना समोर येऊन उभे राहिले. "उस्ताज फिक्री? सरकारी माणूस, आणि फुटपाथवर? खात्याची काही अब्रू?"

मला वाटले, आता गुंडाळतात बहुतेक दुकान. उस्ताज उभे राहिले, त्यांनी टाय सरळ केला. "साहेब, मुलीची परीक्षा जूनमध्ये आहे. तोवर मी इथेच बसणार. आपण चढता का? चिठ्ठी मिळेल. कुणालाही कळणार नाही."

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आणि चढले. त्यांचा आकडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. पण त्यानंतर कचेरीत कोणी अब्रूचे नाव काढले नाही.

मग हिवाळा आला आणि त्याच्यामागून वादळे आली. आमच्याकडे वादळांना माणसांसारखी नावे असतात आणि ती ठरल्या तारखेला पाहुण्यासारखी येतात. लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर यायच्या. ती लाट माझ्यावर चढली ती तेव्हाच. हाज्जा दौलत निखारे झाकून घरी जाई, उस्ताज मात्र छत्री धरून बसत. "जूनपर्यंत," ते मला सांगत.

आता एक गोष्ट सांगतो, ती मात्र माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हती. रोज संध्याकाळी सामान आवरण्यापूर्वी उस्ताज स्वतः माझ्यावर उभे राहत. माझा काटा बरोबर आहे ना, हे तपासायला. तेच माझे माप होते : अठ्ठ्याहत्तर. डिसेंबरात मी शहात्तर दाखवले. जानेवारीत चौऱ्याहत्तर. त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "बिघडलास का रे?" फेब्रुवारीत मी बहात्तर दाखवले, तेव्हा त्यांनी टिचकी मारली नाही. नुसतेच उतरले.

कारण त्यांना माहीत होते. कचेरी सुटली की ते थेट माझ्याकडे येत. कचेरीत म्हणायचे, घरी जेवतो. घरी म्हणायचे, कचेरीत जेवलो. घरच्या पातेल्यातला त्यांचा वाटा शाहिंदाच्या ताटात जाई आणि हाज्जाने दिलेले कणीस ते "पोट भरलंय" म्हणून परत करत.

पण बहिजाबाईंना डोळे होते. एका गुरुवारी त्यांनी मला दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवले. "शाहिंदाचे बाबा, तुमची मान कॉलरमध्ये घंटेच्या लोलकासारखी हलते. चढा."

"आत्ताच बाहेरून आलोय. कोट तरी..."

"कोटासकट चढा. आणि ऐका, दोन किलो जरी कमी भरलात ना, तरी हा काटा उद्याच भंगारात. मग शिकवणी गेली खड्ड्यात."

शाहिंदा दारात उभी होती. तिच्या हातात भौतिकशास्त्राची वही होती. उस्ताज माझ्यावर चढले. मित्रांनो, मी जन्मभर खरे बोललो होतो. पण जून चार महिन्यांवर होता. मी डोळे मिटले, स्प्रिंग आवळली, सगळा जीव पणाला लावला आणि माझा काटा ढकलत ढकलत नेऊन अठ्ठ्याहत्तरवर उभा केला!

बहिजाबाईंनी वाकून आकडा वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाल्या, "बरं."

त्याच संध्याकाळी वादळ इतके जोराचे होते की ते आमच्या घरात शिरले आणि त्याने कोट टांगायची खुंटी भिंतीतून उपटून जमिनीवर फेकली. आणि दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर एक चमत्कार सुरू झाला. रोज चार वाजता कठड्यावर फडक्यात बांधलेला एक गरम डबा येऊन बसे. कधी मसूर-भात, कधी भरलेली वांगी. "कुणी आणला?" उस्ताज विचारत. हाज्जा दौलत निखाऱ्यांना वारा घालत आकाशाकडे बोट दाखवी. "समुद्रपक्ष्याने." मी तो पक्षी या काचेने पाहिला आहे. पांढरा, पिवळ्या चोचीचा, आणि डबा ठेवल्यावर झाकण नीट बसले आहे की नाही ते बघणारा. उस्ताज जेवू लागले. एप्रिलपर्यंत मी पुन्हा अठ्ठ्याहत्तर दाखवू लागलो, आणि या वेळी स्प्रिंग न आवळता.

जून आला. शाहिंदा पास झाली, आणि अशी पास झाली की हाज्जा दौलतने सगळ्या रस्त्याला कणसे फुकट वाटली. गुण मात्र तिने मोठ्याने सांगू दिले नाहीत. ते चिठ्ठीवर लिहून, दोनदा घडी घालून फिरवले.

आज शाहिंदाबाई याच घरात तुम्हाला भौतिकशास्त्र शिकवतात, आणि दगड खाली का पडतो ते दाखवायला मला टेबलावर ठेवतात. माझे रबर झिजले आहे, मणी फिका पडला आहे. म्हणून जाता जाता एवढीच विनंती करतो. माझ्यावर उड्या मारू नका. वजन करण्यापूर्वी माझा काटा शून्यावर आणा. आणि जुन्या वस्तूला टाकून देण्याआधी एकदा विचारा, बाई, तू कुणासाठी काय काय केलेस? कारण पुष्कळदा तिने एखादे प्रेमाचे खोटे...

"पुरे! पुरे रे, पत्र्याच्या डब्या!" कोपऱ्यात पाला निवडत बसलेल्या बहिजा आजी ओरडल्या. "प्रेमाचं खोटं म्हणे! स्प्रिंग आवळली म्हणे! पोरांनो, एक अक्षर खरं मानू नका. तो काटा बिचारा खरंच सांगत होता. यांनी कोटाच्या अस्तरात पाणीखात्याच्या नळांच्या लोखंडी चाव्या लपवल्या होत्या, सहा किलोंच्या! तो कोट मी खुंटीला अडकवला तर खुंटी भिंतीतून उपटून माझ्या पायावर पडली. कसलं वादळ अन् कसलं काय!"

"आजी, मग तो पक्षी?" एका मुलीने विचारले.

आजींनी हातातली काडी खाली ठेवली. "चार महिने रोज दुपारी दोन ट्रामा बदलून जायची मी, अन् कठड्याआड लपायची. मी यांना न खाणारा धंदा आणा म्हटलं होतं. न खाणारा नवरा नव्हे."