बुधवारची फुली

हीटर काढून न्यायला मला क्लाइव्हने बोलावलं होतं. दुरुस्त करायला नाही, काढायला! दोन वर्षांपूर्वी मी माझ्या हातांनी बसवलेला हीटर. फायरप्लेसमधली राख उपसून, धुरांड्यातून कावळ्यांची घरटी खाली ओढून, नवी कोरी नळी थेट छपरावर नेऊन बसवलेला. ऑस्ट्रेलियातल्या या बॅलरॅट गावात गॅसचं काम करणारी मी एकटीच बाई आहे आणि तीस वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही. त्यामुळे फोनवर त्याचं बोलणं ऐकूनच माझं टाळकं सरकलं.

"हीटरमध्ये काही बिघाड नाही, नोरीन," तो म्हणाला. "आईतच बिघाड झालाय. गेल्या आठवड्यात मला वडिलांच्या नावाने हाक मारली. गॅस चालू ठेवून झोपली तर? उद्या सकाळी दहाला वृद्धाश्रमातून तिला तपासायला बाई येणार आहे. ती हो म्हणाली की महिनाअखेरीला हलवायचं. तू आजच गॅस तोडून टाक."

आईतच बिघाड! त्याच्या आईबद्दल, मिसेस ट्रेव्हेनांबद्दल हे ऐकून मी शिडीवरच बसले. आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, आणि मला तर एकदा झिंज्या पेटल्यावर पाण्याच्या बादलीत बुडवलंय. अजूनही मला त्यांना बाईच म्हणता येतं, दुसरं काही तोंडातून निघत नाही.

दुपारी तीनला गेले तर बाई दारातच उभ्या. एक्याऐंशीव्या वर्षी ताठ. हातात वही.

"आलीस? पाय पूस. तुला त्याने काय सांगितलंय ते मला माहितीये. पण तोडायच्या आधी मला एक सांग. वार बघून येणारा आजार कुठला असतो?"

"काय?"

"अगं, वार. सोमवार, मंगळवार. तुझं लक्ष शाळेतही असंच असायचं."

आत स्वयंपाकघरात चहा ठेवला त्यांनी. मी किती साखर घेते ते न विचारता दोन चमचे घातली, बरोबर दोन. मी मनात म्हटलं, बिघाड कुठेय यांच्यात? मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. बाई रोज पाऊस मोजतात, थंडी मोजतात, चाळीस वर्षं झाली. हिवाळ्यापासून शेवटी एक नवा रकाना आखलेला होता. वर लिहिलेलं, 'डोकं'. ज्या दिवशी डोकं चढायचं, नावं आठवायची नाहीत, पायांत जीव राहायचा नाही, त्या दिवशी तिथे फुली. मी पानं उलटत गेले आणि माझा चहा थंड झाला. फुल्या सगळ्या एकाच ओळीत होत्या. बुधवार, बुधवार, बुधवार.

"अकरा बुधवार," बाई म्हणाल्या. "दहा फुल्या. मधल्या दिवशी एकही नाही. म्हातारपण काय वार बघून येतं का?"

"बुधवारी काय असतं?"

"तेच तर शोधतेय! बुधवारी कचऱ्याची गाडी येते. गाडी यायच्या आत डबा बाहेर ठेवून पाहिला, फुली. बुधवारी मी कोकराचं मटण भाजते. एका बुधवारी मासे तळले, तरी फुली. चहा बदलला, दूध बदललं." त्या थांबल्या. पेन्सिलीने एका रिकाम्या चौकोनावर टकटक केलं. "हा एकच बुधवार मोकळा गेला. त्या दिवशी क्लाइव्हची गाडी बंद पडली होती. तो आलाच नाही."

"म्हणजे क्लाइव्ह..."

"दर बुधवारी जेवायला येतो. संध्याकाळी." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "नोरीन, मला सांग, हे मी कुणाला सांगू? पोटचा पोरगा घरात आला की मला आजार होतो म्हणून? उद्याची ती बाई काय म्हणेल? म्हातारी मुलावर आळ घेतेय, हेच लिहील ना?"

मला गलबलून आलं. शाळेत आम्ही त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. आणि आता स्वतःच्याच वहीला घाबरून बसल्या होत्या.

गॅस तोडायचं मी विसरून गेले. म्हटलं, "बाई, क्लाइव्ह येतो तेव्हा घरात काय काय वेगळं होतं ते सांगा. तो सोडून."

"पुढच्या खोलीत बसतो आम्ही, हीटरपाशी."

"हीटर रोज लागतो ना?"

"रोज लावते. रात्री तिथेच वाचत बसते की."

रोज लागतो आणि फुली बुधवारीच. माझ्या हीटरचा दोष नाही म्हणून आधी मला हुश्श झालं, खोटं कशाला बोलू? तरी पेटीतून वायू मोजायचं यंत्र काढलं. हीटर पेटवला, पंधरा मिनिटं तापू दिला. मग धुराची काडी पेटवून हीटरच्या वरच्या फटीशी धरली. या काडीचा धूर वर नळीत ओढला गेला तर समजायचं, जळलेला वायू छपरावरून बाहेर पडतोय. धूर सरळ वर गेला. यंत्रावर शून्य.

"बघा," मी म्हटलं. "ठणठणीत आहे."

"आज बुधवार आहे," बाई म्हणाल्या. "पण अजून बुधवारची संध्याकाळ कुठे झालीय?"

मार्क कापल्यासारखं वाटलं.

"बरं. मग तुमची बुधवारची संध्याकाळ करून दाखवा," मी म्हटलं. "जसं करता तसंच सगळं."

बाईंना जोरच चढला. आधी त्यांनी साप आणले. आमच्या गावात घरोघरी असतात ते, जुन्या पँटचे पाय कापून, वाळू भरून शिवलेले, बटणांचे डोळे लावलेले. दाराखालच्या फटीत ठेवायचे, वारा येत नाही. चर्चच्या जत्रेसाठी बाईच दरवर्षी पन्नासेक शिवतात. एक साप पुढच्या दाराला, एक मागच्या, दोन खिडक्यांना. लाकडी फळ्यांचं घर, बाहेर जुलैच्या ऐन हिवाळ्याचा वारा सुटलेला, पण खोली दोन मिनिटांत गप्प झाली. तितक्यात माझी नजर वर गेली, छताजवळच्या झरोक्याकडे. त्याच्या जाळीत हिरव्या लोकरीचा बोळा. समोरच्या झरोक्यात निळ्या लोकरीचा.

"बाई! हे काय?"

"वारा येत होता."

"येणारच ना! त्यासाठीच भोक आहे ते! या हीटरला जळायला हवा खोलीतूनच लागते. ज्वाळेला हवा लागते हे मला कुणी शिकवलं? काचेच्या बरणीखाली मेणबत्ती कुणी ठेवली होती?"

"मीच," बाई म्हणाल्या, आणि चक्क ओशाळल्या. "पण अगं, फार गार वारा यायचा गं. आणि सगळेच बुजवतात."

सगळेच बुजवतात, खरंय. माझ्या आईनेही जन्मभर भोकं बुजवली. पण माझी चूक मला तिथेच टोचली. हीटर बसवला तेव्हा झरोक्यांचं सगळं लिहिलेला कागद मी त्याच्या झाकणाच्या आत ठेवून दिला होता. तोंडाने चार शब्द सांगितले नव्हते. बाईंना मी काय शिकवणार, असं वाटलं होतं मला. झाकण उघडून बघितलं तर कागद तसाच, घडीसुद्धा मोडलेली नाही.

"बरं, साप झाले. पुढे?"

"पुढे तो येतो आणि ती लावतो." बाईंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. शेगडीवर चकाचक स्टीलची चिमणी होती. धूर आणि वास बाहेर फेकणारी, हॉटेलात शोभेल एवढी दांडगी. दोन वर्षांपूर्वी ती तिथे नव्हती. "मार्चमध्ये वाढदिवसाला दिली त्याने. त्याच्या सुटाला मटणाचा वास लागलेला खपत नाही. आल्या आल्या फुल करतो आणि जेवून निघेपर्यंत ठेवतो. मी एकटी असते तेव्हा नाही लावत मी. टोस्ट आणि सूपला काय करायचीय चिमणी? आणि फार कोकलते मेली."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. दोघींनाही एकाच वेळी कळलं, पण त्यांनी बोट वर केलं.

"बोलू नकोस. आधी करून बघ."

"तुम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन बसा."

"मी का? माझा प्रयोग आहे!"

"बाई, बाहेर!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. घोंगडी पांघरून गेल्या बाहेर, आणि लगेच खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

मी चिमणी फुल केली. सगळं बंद. यंत्र पेटत्या हीटरशेजारी ठेवून थांबले. तितक्यात मागच्या दाराने क्लाइव्ह आला, सुटाबुटात, हातात वाइनची बाटली.

"अजून तोडलं नाहीस? आणि आई बाहेर थंडीत काय करतेय? नोरीन, तुला काही डोकं आहे का?"

"दार लाव, साप परत फटीत सार आणि इकडे ये," मी म्हटलं. "बूड टेक खाली. ही काडी धर. हीटरच्या फटीशी."

"हे काय..."

"धर म्हणते ना!"

बसला. काडी धरली. धूर क्षणभर वर गेला, थबकला, मग मान वळवून सरळ खोलीत आला. क्लाइव्हच्या तोंडावर. त्याने हात हलवून बघितला, काडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली. धूर परत परत त्याच्याकडेच येत होता. यंत्र किंचाळायला लागलं. तीसवरून चाळीस, चाळीसवरून साठ.

मी गॅस बंद केला, चिमणी बंद केली, दोन्ही दारं सताड उघडली. साप लाथेने उडवले. वारा आत घुसला तेव्हा यंत्र गप्प झालं.

"काय होतं ते?" क्लाइव्हने विचारलं.

"कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. तुझी चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. तेवढी हवा आत यायला हवी. दाराखाली साप, झरोक्यात लोकर, मग ती येणार कुठून? धुराच्या नळीतून उलटी. येताना हीटरचा विषारी वायू खोलीत घेऊन येते. चिमणी चांगली आहे, हीटर चांगला आहे. पण हे दोन्ही आणि बुजवलेल्या फटी एकत्र आल्या की माणसाचं डोकं चढतं. नावं विसरतात, पाय लटपटतात. आणखी तासभर जास्त बसलात तर उठणारच नाही."

"मी आल्यावर लावतो ती," तो हळूच म्हणाला. "चिमणी."

"हो."

"मलाही बुधवारी गोळी घ्यावी लागते. घरी जाताना. मला वाटायचं, आईची काळजी करून डोकं दुखतं."

बाई आत आल्या होत्या. त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. तो जमिनीवर बसूनच पानं उलटत गेला. मी हीटरवर लाल पट्टी बांधली, वापरू नये म्हणून. आता तिथे बाहेरूनच हवा घेणारा आणि बाहेरच सोडणारा हीटर बसवायचा. खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच नसतो. या वेळी सगळं तोंडाने सांगितलं, दोनदा. आणि दोघांनीही आजच्या आज रक्त तपासून या, हेही दटावून सांगितलं.

क्लाइव्ह ऐकत नव्हता. "सोमवार रिकामा," तो पुटपुटला. "मंगळवार रिकामा. गुरुवार रिकामा. आई, म्हणजे बाकीच्या दिवशी तू अगदी ठीक होतीस?"

"होते की."

"मग मला दिसलं कसं नाही?"

बाईंनी त्याच्या खांद्यावरची काडीची राख झटकली. "बाकीच्या दिवशी तू आलास कुठे, क्लाइव्ह?"

त्याचा चेहरा पडला. बाई रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं असावं. त्याने वही मिटली. मग उठला, झरोक्याखाली खुर्ची ओढली आणि सुटासकट वर चढून हिरवा बोळा ओढून काढला. मग निळा.

"उद्याच्या बाईंना मी फोन करतो," खाली उतरून तो म्हणाला. "येऊ नका म्हणून सांगतो."

"का? येऊ दे ना!" बाईंचे डोळे चमकले. "ती काय काय विचारते ते मला बघायचंय. तू पण ये. दहाला."

"उद्या? उद्या गुरुवार आहे."

"माहितीये मला वार," बाई म्हणाल्या.

दवाखान्यात क्लाइव्हच घेऊन गेला त्यांना. गाडीत बसायच्या आधी तो परत आत आला, वही घेतली आणि गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. मग थोडं थांबून शुक्रवारच्यातही लिहिलं.